सिमवाल्या स्टार्टरला घरचा डबा

महोदय,

ओलिताची लाईन कधी रात्री येते, म्हणून आमच्या दारव्हा तालुक्यात मोबाइलवरून मोटर चालू करणारे स्टार्टर बरेच दिसतात. पण सिमचा बोर्ड पत्र्याच्या पेटीत ठेवला की नेटवर्क अडते, अन् बाजारच्या पातळ डब्यात मुंगळे-पाली शिरतात. मी एचडीपीई म्हणजे टणक प्लास्टिकच्या ठोकळ्यातून घरीच डबा कोरला. रंग काळाच घ्यावा, त्यातल्या काजळीमुळे तो उन्हात टिकतो.

हत्यार म्हणजे सुताराचा राउटर, म्हणजे लाकूड कोरायचे विजेचे यंत्र, अन् प्लायवूडचा फर्मा. वेग सर्वांत कमी, एका फेरीत दोन-तीन मिलिमीटर. लांब साल निघाली पाहिजे. हा माल १३० अंशांच्या आसपास वितळतो, पाते बोथट असले तर त्यालाच चिकटून बसतो. डोळ्यांवर चष्मा हवाच, ठोकळा शिकंज्यात घट्ट. यावर गोंद-बिंद धरत नाही, म्हणून झाकणाला रबरी गॅस्केट अन् स्क्रू. वीस सेंटिमीटरचा डबा पौषातल्या पहाटेपासून मेच्या दुपारपर्यंत मिलिमीटरभर वाढतो, तेव्हा झाकणाची भोके थोडी मोठीच पाडावी.

थ्री-फेजचा काँटॅक्टर, म्हणजे मोटरची वीज जोडणारा-तोडणारा मोठा स्विच, मात्र यात कोंबू नये. प्लास्टिक पेटते. तो अर्थिंग केलेल्या लोखंडी पेटीतच बरा.

ज्या आयटीआयमध्ये मिलिंग मशीन (ठोकळे नेमके कोरणारे यंत्र) आहे, त्यांनी सुटीच्या दिवशी ती फी घेऊन गावच्या कारागिरांना, शिक्षकाच्या देखरेखीत, वापरू द्यावी. आमच्याकडची पोरे काय काय करतील!

– एक कास्तकार, ता. दारव्हा, जि. यवतमाळ