चाची, तुमचे आभार चारचौघांत मानायचे आहेत

चाची,
सलाम आणि जय भीम.

हे पत्र तुमच्या नातवानं मोठ्यानं वाचून दाखवावं, आणि दारात चार बाया बसलेल्या असताना वाचावं.

आपल्या बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात दिवाळीच्या सुमारास गावं रिकामी होतात. मुकादमाची उचल घेतलेली जोडपी ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. जिचा नवरा वारला किंवा जिला नवऱ्यानं टाकली, ती अर्धा कोयता. तिला टोळीत कोण घेणार? अशा आम्ही मागं राहायचो, म्हाताऱ्यांना आणि दुसऱ्यांच्या लेकरांना सांभाळत. बौद्धवाड्यात होतो, मोहल्ल्यात होतो, पाटलांच्या गल्लीतही होतो, पण एकमेकींच्या दारात कधी गेलो नव्हतो. घरोघर फिरलात त्या तुम्ही.

"1972च्या दुष्काळात माझ्या अम्मीनं खडी फोडली, सुकडी खाऊन आम्ही जगलो. त्यातून रोजगार हमी आली. ही कुणाची मेहेरबानी नाय," असं तुम्ही सांगायचात. राज्याचा कायदा 1977चा, पण तुमच्या तोंडून ऐकल्यावर तो आमच्या घरातला वाटला.

पंचायतीत आपला काम मागायचा, नमुना 4चा अर्ज बघून साहेब म्हणाले, "चाची, मोहल्ल्याची यादी वेगळी करा, तुमचं काम उद्याच काढतो. बाकीच्यांचं बघू." तेव्हा तुमच्या घरात सून बाळंतीण होती आणि डब्यात पीठ नव्हतं, हे मला ठाऊक होतं. तुम्ही अर्जावर हात ठेवलात. "कागद एकच हाय साहेब. घ्यायचा तर सगळा घ्या, आन् तारखेची पावती द्या." मागणीपासून 15 दिवसांत काम, नाहीतर बेकारी भत्ता; आणि पावतीच नसेल तर ते 15 दिवस मोजायचे कुठून? पावती हातात पडेस्तोवर तुम्ही पायरीवरून उठला नाहीत.

पण सगळ्यात जास्त आभार त्या माठाचे. पाझर तलावाच्या कामावर पहिल्या दिवशी दोघी-तिघींनी घरून पाण्याच्या वेगळ्या बाटल्या आणल्या होत्या. कुणी काही बोललं नाही, पण कळत होतं. तुम्ही मला म्हणालात, "तू दे पाणी." मी तांब्या भरून दिला. तुम्ही घटाघटा प्यायलात आणि तोच तांब्या पाटलांच्या काकूंपुढं धरलात. काकू थांबल्या. मग प्यायल्या. माझ्या आईनं याच गावात वरून ओतलेलं पाणी ओंजळीनं प्यायलंय, चाची. मी घरी जाऊन सांगितलं तेव्हा ती रडली.

पुढं तालुक्यात मिरवणुकीवरून वातावरण तापलं. "त्यांच्यात कशाला बसता?" म्हणून काहींनी काकूंना टोकलं. त्या म्हणाल्या, "माझं नाव त्याच मस्टरवर आहे." त्या आठवड्याची बैठक मारुतीच्या पारावर घ्यायची, हेही त्यांनीच ठरवलं. रमजान होता, म्हणून रोजा सोडायच्या वेळेआधी उरकली.

मजुरी खात्यावर जमा झाली, उशिरा का होईना. आता पलीकडच्या वाडीतल्या बाया विचारतायत, चाची आमच्याकडं कधी येणार? ईद झाली की येतील, असं मी परस्पर सांगून टाकलंय. येताना पावत्यांची पिशवी घेऊन या, त्यांना दाखवायला लागेल.

तुमची,
बौद्धवाड्यातली लेक