ओसरीतल्या सोडा मशीनसाठी आवाहन

सर्व सभासद, माजी सभासद आणि "आम्ही आता पुण्याला असतो" म्हणणारे आजीव सभासद यांस सस्नेह नमस्कार.

वाचनालयाच्या ओसरीतले सोडा मशीन कोणते, हे वस्तीत कुणाला सांगावे लागत नाही. मे महिन्याच्या दुपारी, बाहेर ४५ अंश तापलेले असताना, त्याच्या दाराला गाल लावून उभे राहिला नाही असा पोरगा इथे वाढलेला नाही. (तसे करू नये अशी पाटी मीच लावली होती. ती पाटीही कुणीतरी नेली.) नाणे टाकले की गार बाटली देणारे ते मशीन, पण त्याचा क्रोमचा चकचकीत मुलामा आज गंजून सुटला आहे, पाहवत नाही. तो पुन्हा चढवायला वर्गणी आणि हात हवेत, म्हणून हे पत्र.

आधी ज्यांचे ऋण आहे त्यांचे बोलू. नागपुरात बर्डीवर (सीताबर्डीवर) थंड पेयांचे दुकान चालवणाऱ्या आपल्या काकाजींनी हे मशीन मुंबईच्या दारूखान्यातून आणले. जहाजे तोडून निघालेले सामान तिथे विकायला येते, आणि अशाच एका जहाजाच्या भोजनगृहात हे अमेरिकी धूड उभे होते. १९७७ मध्ये कोका-कोला देश सोडून गेले, त्या सुमाराची ही गोष्ट. बाकीचे दुकानदार आता काय विकायचे या काळजीत असताना काकाजींनी ट्रकमधून मशीन उतरवले आणि त्यात लिंबू सोडा भरला! पुढे दुकान बंद झाले तेव्हा भंगारवाला बरे पैसे देत होता. काकाजींनी ते वाचनालयाला दिले. अट एकच, पोरांना उन्हाळ्यात स्वस्तात गार मिळाले पाहिजे. नावाची पाटी त्यांनी लावू दिली नाही, म्हणून इथेही नाव लिहीत नाही.

मशीन ११५ व्होल्ट आणि ६० सायकलचे (म्हणजे विजेची सेकंदाला ६० आवर्तने), आपली वीज २३० आणि ५० ची. वस्तीतल्या वायरमन भाऊंनी ट्रान्सफॉर्मर बसवून व्होल्टेज उतरवले, पण सायकल कशी बदलणार? मोटार सहाव्या हिश्शाने मंद फिरे आणि तापे. दोन उन्हाळ्यांत गारवा करणारा कॉम्प्रेसर निकामी झाला. मग फ्रिजवाल्या चाचांनी आपल्याच दुकानातला २३० चा कॉम्प्रेसर आणून जोडला. मजुरी विचारली तर "दोन बाटल्या पाठवा," एवढेच म्हणाले. खोबण अमेरिकेच्या पाच सेंटच्या नाण्याची, जेमतेम २१ मिलिमीटरची. आपले नाणे तिला रुचेना. इतवारीतल्या एका भांडेवाल्या सभासदांनी त्याच मापाचे शंभर पितळी बिल्ले पाडून दिले. काउंटरवर बिल्ला घ्यायचा, खोबणीत टाकायचा, बाटली ओढायची. वाचनालयात येणाऱ्या दोन वर्तमानपत्रांचे बिल वर्षानुवर्षे या बिल्ल्यांवर भागले, हे किती जणांना ठाऊक आहे?

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदी आपल्या घरांत शिरली. ओसरीत गुडघाभर पाणी. पोरांनी आधी पुस्तके वर चढवली, मशीन तसेच राहिले, आणि तेच बरोबर होते. चाचांच्या मुलाने आठ दिवसांत ते चालू करून दिले. पण जहाजावरच्या खाऱ्या हवेने क्रोमखाली आधीच फोड धरले होते, उरलेले गाळाने खाल्ले.

गेल्या वर्षी याच कामासाठी ग्रुपवर लिहिले होते. त्रेचाळीस अंगठे आले, सात नमस्कार आले, पैसे तीन घरांतून आले. एकाने विचारले, "काहून एवढा खर्च करून राहिले भाऊ? सिल्व्हर पेंट मारून टाका न." तेव्हा मी गप्प बसलो, आज उत्तर देतो. सुटलेल्या क्रोमवर रंग धरत नाही, पहिल्याच पावसाळ्यात पोपडे निघतात आणि खालचा गंज वाढतच राहतो.

दाराच्या पट्ट्या स्टेनलेसच्या आहेत. त्यांचे पोचे मागून हलक्या हाताने ठोकून काढायचे, ४०० ते २००० नंबरच्या पॉलिश पेपरने पाण्यात घासायचे आणि बफ (चकाकी आणणारे कापडी चाक) मारायचा. हे आपण करू शकतो. पट्टी मात्र फळीला बांधूनच बफवर धरायची, नाहीतर चाक ती हिसकून घेते आणि बोटेही सोडत नाही. खालच्या ॲल्युमिनियम पट्टीवर ऑक्साइडचा कडक थर आहे. तो कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात उतरल्याशिवाय कितीही घासा, चमक येत नाही. ते काम कारखान्याचे.

खरा खर्च दाराच्या मुठीचा आणि नाण्याच्या खोबणीभोवतीच्या महिरपीचा आहे. दोन्ही जस्ताच्या ओतीव मिश्रधातूच्या. जुना थर उतरवायचा, एकेक खड्डा कोरून साफ करायचा, तांब्याचा थर द्यायचा, घासायचा, पुन्हा द्यायचा, खड्डे भरेपर्यंत हेच. मग निकेल आणि शेवटी क्रोम. क्रोमचा थर केसाहून कितीतरी पातळ असतो, पैसे जातात ते घासण्यात. मागच्या खेपेस स्वस्त पडते म्हणून बाटली उघडण्याच्या जागेची चौकट एका ठिकाणी दिली. त्यांनी ती आम्लात टाकली आणि विसरले. परत आली तेव्हा चाळणी झाली होती. दोष माझाही आहे, विचारून द्यायला हवी होती. आता ती पितळेत नव्याने घडवावी लागेल.

तपशील: एकूण अंदाज ३८,५०० रु. (प्लेटिंग म्हणजे मुलाम्याचे काम २१,०००, चौकट ६,५००, ॲल्युमिनियम पट्टी ४,०००, पेपर-बफ-स्क्रू-वाहतूक ७,०००). जमा ११,२००, हवे २७,३००. रोख, धनादेश किंवा काउंटरवरचा क्यूआर. वाचनालय सायं. ६ ते ८, सोमवारी बंद. पावती तिथेच, निनावी चालेल. प्लेटिंगवाले तीन आठवडे मागतात आणि नवतपा (मेअखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस) लागण्याआधी मशीन जोडून व्हायला हवे, म्हणून रक्कम एप्रिलअखेर. घासकाम येते दोन रविवार सकाळी ७ पासून, जुने कपडे व हातमोजे आणावेत. तर्री पोहे वाचनालयातर्फे.

आपला,
सचिव
(कार्यकारिणीच्या वतीने)

ता. क. शंभर बिल्ल्यांपैकी गल्ल्यात आज सदतीस आहेत. बाकीचे तुमच्याच कपाटांत, कंपासपेट्यांत असणार. दारावरच्या टपालपेटीत टाकून जा, कोण टाकून गेले ते मी पाहणार नाही.