मुलांच्या औषध-चाचण्या कोकणातही व्हाव्यात

संपादक महोदय,

विंचूदंशात प्राझोसिन हे रक्तदाबावरचे औषध वापरावे, हे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाडसारख्या तालुक्याच्या गावी राहून दाखवून दिले. त्याच्या जोडीने प्रतिविष द्यावे का, हे तपासणारी तिथलीच चाचणी २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने छापली. सहा महिन्यांवरची मुलेही तीत घेतली होती. तेव्हा चाचणी म्हटली की परळच गाठले पाहिजे, असे नाही.

पण विंचू कोकणात मुबलक. दुर्मीळ आजारांची मुले मात्र एका तालुक्यात दोन-तीनच निघतात, आणि निष्कर्षापुरती संख्या एका रुग्णालयात कधीच जमत नाही. बालकर्करोगात देशातली अनेक रुग्णालये एकाच प्रोटोकॉलवर, म्हणजे ठरवून दिलेल्या उपचार-आराखड्यावर, काम करतात. अमेरिकेने २०१६ पासून संशोधन-निधी कमी मिळणाऱ्या राज्यांतल्या मुलांसाठी असे जाळे उभारले. अलिबाग, डेरवण, रत्नागिरी आणि ओरोस इथे आता वैद्यकीय महाविद्यालये आहेत. ती चार एकत्र येऊन उपजिल्हा रुग्णालयांना चाचणी-केंद्रे करू शकतात.

पहिली अडचण नैतिकता समितीची. औषध-चाचण्यांच्या २०१९ च्या नियमांनुसार चाचणी-केंद्राची स्वतःची समिती नसेल, तर मंजुरी देणारी समिती त्याच शहरात किंवा ५० किलोमीटरच्या परिघात असावी लागते. मंडणगड अलिबाग, डेरवण, रत्नागिरी या तिन्हींच्या परिघाबाहेर पडते. म्हणून महाड-खेड पट्ट्यात एक नोंदणीकृत समिती हवीच. किमान सात सदस्य, त्यांतले निम्मे तरी संस्थेबाहेरचे. वकील आणि सामान्य नागरिक धरून. माणसे मिळतात, बैठकांना कोरम मिळत नाही.

दुसरी अडचण खास इथली. बाप मुंबईला, आई कामावर, मुलाला घेऊन येते आजी. ती कायदेशीर पालक नसेल तर तिचा अंगठा चालत नाही. मुलाला थेट फायदा असेल किंवा धोका नगण्य असेल, तर आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) मार्गदर्शक तत्त्वांनुसार साधारणपणे एका पालकाची संमती पुरते. धोका जास्त असेल किंवा फायदा काहीच नसेल, तर दोघांची लागू शकते. अशा चाचणीची संमती-प्रक्रिया गणपतीत किंवा शिमग्यात, चाकरमानी घरी असताना उरकावी. सात ते बारा वर्षांच्या मुलाची तोंडी आणि त्यापुढच्याची लेखी अनुमती वेगळी घ्यायची. ‘आमच्या पोरावर प्रयोग नको’ म्हणणाऱ्यांना चिडून उत्तर देऊ नये. सीटीआरआयवरचा, म्हणजे देशातल्या चाचण्यांच्या सार्वजनिक नोंदवहीतला, नोंदणी क्रमांक द्यावा, इजा झाल्यास मोफत उपचार आणि भरपाईचा नियम समजावून सांगावा. एसटीचे भाडे आणि बुडालेली मजुरी त्याच दिवशी हातात द्यावी, नाहीतर तिसऱ्या तपासणीपासून मुले येईनाशी होतात.

रक्ताचा हिशेब तर काटेकोर. दहा किलोच्या मुलात साधारण ८०० मिलिलिटर रक्त असते. युरोपीय नियामकांच्या मर्यादेनुसार चाचणीसाठी एका वेळी १ टक्का, म्हणजे ८ मिलिलिटर, आणि चार आठवड्यांत ३ टक्के, म्हणजे २४ मिलिलिटर. घाटरस्त्यात हिसक्यांनी नमुना हिमोलाइझ झाला, म्हणजे त्यातल्या रक्तपेशी फुटल्या, की पुन्हा सुई, आणि हिशेब कोलमडतो. म्हणून सेंट्रिफ्यूज, म्हणजे रक्त फिरवून त्याचे घटक वेगळे करणारे यंत्र, प्रत्येक केंद्रात हवे. सीरम (रक्तातला पेशीविरहित द्रव) तिथेच वेगळे करून पाठवावे. औषधांचेही तसेच. पावसाळ्यात वीज जाते म्हणून ती लसीकरणाच्या आयएलआरमध्ये (लसी ठेवायच्या खास फ्रिजमध्ये) सरकवण्याचा मोह होतो, पण तिथे इतर औषधे ठेवायची नसतात. २ ते ८ अंशांचा वेगळा फ्रिज, इन्व्हर्टर आणि तापमान आपोआप नोंदणारा लॉगर घ्यावा. घरगुती फ्रिजच्या मागच्या भिंतीला टेकलेली कुपी गोठून वाया जाते.

चाचणीतल्या मुलाच्या बाबतीत गंभीर घटना घडली की २४ तासांत नियामक, प्रायोजक आणि नैतिकता समिती, तिघांना कळवायचे असते. ओपीडीत अडकलेल्या बालरोगतज्ज्ञाकडून हे होणार नाही. प्रत्येक केंद्राला पूर्णवेळ समन्वयक लागेल. प्रकल्पाच्या पैशातून नेमलेला माणूस प्रकल्पासोबतच जातो. म्हणून ही पदे जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून किमान पाच वर्षांसाठी भरावीत.

— बालरोगतज्ज्ञ व संशोधन समन्वयक, चिपळूण