अहो-जाहो, ‘री’ आणि तानपुरा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार, वि. वि.

‘समोरच्याला बोलायची रीत नाही’ अशा आशयाची पत्रे आपल्या वाचकांच्या सदरात अधूनमधून येत असतात. कधी ती बसच्या वाहकाबद्दल असतात, कधी कार्यालयातील खिडकीपलीकडच्या माणसाबद्दल, आणि बहुतेक वेळा त्या तक्रारीच्या पोटात भाषेचा प्रश्न दडलेला असतो. उद्धटपणा कोठे नसतोच असे मी म्हणणार नाही. तो आहे आणि मराठी व कन्नड दोन्ही भाषांत आहे. परंतु बेळगाव शहरात व आसपासच्या गावांत अनेक वर्षे मुलांना गाणे शिकविताना माझे असे मत होत गेले आहे की आपल्या सीमाभागातील अशा रुसव्यांचा मोठा भाग कानाच्या सवयीतून येतो. दुसऱ्याची अदब आपण आपल्या भाषेच्या कानाने ऐकतो आणि तेथेच फसतो. हा कान तयार करण्याचा एक जुना, खात्रीचा मार्ग हाताशी असताना आपण तो मुलांच्या वेळापत्रकातून काढून टाकत आहोत, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

माझी भाचेसून पुण्याची. दिवाळीनंतर ती शहापूरला आमच्याकडे आली असताना एकटीच भाजी आणायला गेली आणि चेहरा पाडून परतली. भाजीवालीने तिला ‘बर्री, एन बेक्री?’ (‘या, काय हवंय?’) असे विचारले होते आणि तिच्या कानाला त्या ‘री’मध्ये हिंदीतील ‘अरी’ ऐकू आली होती. ‘ओळख ना पाळख, आणि थेट अगं-तुगं,’ असे ती म्हणाली. मी तिला जवळ बसवून सांगितले की उत्तर कर्नाटकातील कन्नडमध्ये ही ‘री’ म्हणजेच आदर. ‘बर्री’ म्हणजे ‘या’, ‘हौद्री’ म्हणजे ‘होय हो’, ‘इल्री’ म्हणजे ‘नाही हो’. आणि इकडची बायको नवऱ्याला नावाने न हाकारता ‘एन्री’ म्हणते, ते तंतोतंत आपले ‘अहो’. आम्हा बेळगावकरांच्या मराठीत ‘होय ओ’, ‘काय ओ’, ‘या की ओ’ असा जो ‘ओ’ वाक्यावाक्याला येतो आणि पुण्यामुंबईच्या पाहुण्यांना गावंढळ वाटतो, तोही याच कामाचा आहे. बेंगळूरू-म्हैसूरकडील माणूस ‘बर्री’ न म्हणता ‘बन्नि’ म्हणतो. त्यामुळे तिकडून बदलून आलेला एखादा सज्जन कारकून आपल्या गोकाक-अथणीच्या शेतकऱ्याला उगाच तुटक वाटतो, आणि त्या कारकुनाला मात्र धारवाडी बोलीच रांगडी वाटत असते. ही दुखापत म्हणजे काही केवळ मराठी-कन्नड दुखापत नव्हे, हे यावरून लक्षात यावे.

त्याच दिवशी उलट बाजूही घडली होती, ती मला दोन दिवसांनी कळली. भाजीवालीने मेथीवर कोथिंबिरीच्या चार काड्या वर घातल्या, तेव्हा आमच्या सूनबाईंनी ‘थँक्यू’ म्हटले आणि त्या निघाल्या. भाजीवालीला वाटले की या बाई रागावल्या. आपल्याकडे अशा वेळी ‘येते हं’ म्हणतात. कन्नडमध्येही नुसते ‘जाते’ कोणी म्हणत नाही, ‘होगि बर्तीनि’ म्हणजे ‘जाऊन येते’ असेच म्हणतात. ‘ऊटा आतेन्री?’ या प्रश्नात जेवणाची चौकशी जितकी असते तितकीच आपल्या ‘जेवलात का?’मध्ये असते. आभार शब्दाने फेडून हिशेब मिटविण्यापेक्षा पुन्हा येण्याची कबुली देणे ही या दोन्ही भाषांची सभ्यता आहे. इंग्रजी वळणाच्या कार्यालयांत काम करणाऱ्या तरुणांची सभ्यता वेगळी आहे, तीही खोटी नाही; पण घरी आल्यावर ती आईला ‘थँक्यू’ म्हणून ऐकविली की आईला परके वाटते, हे पुष्कळ घरांत घडते.

आता माझ्या वर्गाकडे वळते. बैलहोंगलकडून शहरात आलेल्या कुटुंबातील एक नऊ वर्षांची मुलगी माझ्याकडे शिकत असे. तिचे मराठी गल्लीत लंगडी खेळता खेळता तयार झालेले, आणि लंगडीत कोणी कोणाला अहो-जाहो करत नाही. त्यामुळे मलाही ती ‘बाई, तू परत म्हण की’ असे म्हणायची. एका मराठी पालकांना ते फार लागले. ‘यांच्या घरी शिकवतच नाहीत,’ असे त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितले. गुरुपौर्णिमेला त्या मुलीचे आजोबा आले, तेव्हा त्याच पालकांचा मुलगा खुर्ची घेऊन धावला आणि मोठ्या उत्साहाने म्हणाला, ‘अज्जा, बा, कूड!’ म्हणजे ‘आजोबा, ये, बस!’ त्याचेही कन्नड त्याच गल्लीतले. आजोबांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, ‘बर्री अन्नबेकु’ (‘बर्री म्हणावं’) असे हळूच सांगितले आणि ते बसले. पालकांनी ते ऐकले. त्यांनी मला पुढे काही म्हटले नाही, पण त्या मुलीबद्दलची तक्रारही पुन्हा माझ्या कानावर आली नाही.

गाणे शिकल्याने हा कान कसा तयार होतो, हे जरा जवळून सांगते. नवीन मुलाला मी पहिले काही दिवस गायला लावत नाही, तानपुऱ्याजवळ बसविते. मधल्या दोन तारांना जोड म्हणतात, दोन्ही षड्जावर, म्हणजे ‘सा’वर. मुलाला विचारावे, ‘दोन्ही एक आहेत का?’ ते लगेच ‘हो’ म्हणते. मग त्याला डोळे मिटायला सांगून दोन्ही तारा एकापाठोपाठ छेडाव्यात. त्या जरा जरी वेगळ्या असल्या तरी नादात एक हेलकावा येतो; खुंटी किंवा मणी केसभर सरकवावा तसा तो हेलकावा संथ होत जातो आणि एका क्षणी नाहीसा होतो. जे मूल आधी घाईने ‘हो’ म्हणाले होते, तेच महिन्याभराने ‘बाई, अजून थोडी उतरलीय’ असे सांगते. या महिन्यात त्याने एक गोष्ट शिकलेली असते, ती म्हणजे उत्तर देण्याआधी ऐकून घ्यायचे. आपल्याला ऐकू आले नाही म्हणजे ते नाहीच, असे समजायचे नाही. भाजीबाजारात आमच्या सूनबाईंना नेमके याचेच साहाय्य झाले असते.

पुढची पायरी याहून सुंदर आहे. भूप आणि देसकार या दोन्ही रागांत सा, रे, ग, प, ध हेच पाच स्वर. कागदावर लिहिले तर फरक दिसत नाही. भूपात गंधार (ग) वादी म्हणजे मुख्य स्वर, देसकारात धैवत (ध). भूप रात्रीच्या पहिल्या प्रहरी, देसकार सकाळी. त्याच स्वरांपैकी कोठे थांबायचे, कोठे नुसते स्पर्श करून जायचे, यावर संपूर्ण भाव बदलतो, आणि देसकार गाताना गंधारावर रेंगाळलात तर गुरुजी लगेच थांबवितात. आदराचे असेच आहे. ‘तू’ हा शब्द आईला म्हटला तर माया, मास्तरांना म्हटला तर आगाऊपणा, पांडुरंगाला म्हटला तर भक्ती. शब्द तोच, न्यास म्हणजे थांबण्याची जागा वेगळी. जे मूल भूप आणि देसकार वेगळे ओळखू लागले, त्याला ‘दुसऱ्या घरात हा शब्द वेगळ्या जागी ठेवत असतील’ ही कल्पना समजावून सांगावी लागत नाही.

संगीताच्या जगात तर अदबीचे नियमही ठिकाणाप्रमाणे बदलतात. आपल्या मैफलीत समेवर ‘वा!’ आली नाही तर गवय्याला चुकल्यासारखे होते. पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या सभागृहात कृती संपेपर्यंत टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता पाळतात, आणि मध्येच टाळी वाजविणाऱ्याकडे माना वळतात. दक्षिणेकडील कर्नाटक संगीताच्या कचेरीत (मैफलीला तिकडे कचेरी म्हणतात) जाणते श्रोते मांडीवर हाताने ताल धरून दाद देतात. तिन्ही ठिकाणी कलावंताचा मानच राखला जातो. आपल्या वर्गातील रीती मुले न सांगता उचलतात: वाद्याला पाय लागला तर नमस्कार करायचा, गुरूचे नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावायचा, गाण्याआधी वडीलधाऱ्यांची परवानगी घ्यायची. साथीचे तर वेगळे शास्त्रच आहे. पेटीवाल्याने गायकाच्या पुढे धावायचे नाही, तबलजीने गायक विस्तार करीत असताना ठेका सरळ धरून ठेवायचा आणि जागा मिळाली की मगच आपले बोल सांगायचे.

संगीताच्या फायद्यांविषयी अलीकडे पालक फार मोठ्या अपेक्षा घेऊन येतात, त्याबद्दल येथे स्पष्ट लिहिते. गाणे ऐकविले की मूल हुशार होते, हा समज 1993 मध्ये अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगातून जगभर पसरला. तो प्रयोग 36 महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर झाला होता, त्यांनी दहा मिनिटे मोत्सार्टची रचना ऐकली होती, आणि आकृत्यांच्या एका प्रकारच्या चाचणीत दिसलेला परिणाम काही मिनिटांतच ओसरला होता. तान्ह्या बाळांचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. महाराष्ट्रात शास्त्रीय कलांच्या परीक्षा दिलेल्या मुलांना दहावीला वाढीव गुण मिळतात, म्हणून आपल्याकडील पालकही ‘याचा मार्कांना उपयोग काय?’ असे विचारतात. गंधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा या परीक्षा मुलांनी अवश्य द्याव्यात. त्यामुळे रियाजाला शिस्त लागते. पण मी जे प्रत्यक्ष पाहिले ते गुणपत्रिकेवर येत नाही. चारचौघांत ‘चुकलं, परत म्हण’ हे ऐकून न रुसता परत म्हणणारे मूल, दुसऱ्याची पाळी असताना गप्प बसणारे मूल, श्वास पुरेपर्यंत वाक्य न तोडणारे मूल मी पाहिले आहे. अडखळत बोलणारा एक मुलगा ‘आ’काराच्या रियाजात तीन वर्षे रमला आणि पुढे वर्गात न घाबरता वाचू लागला. त्याचे बोलणे गाण्यामुळेच सुधारले असा दावा मी करीत नाही, पण त्याची भीती माझ्यासमोर गेली.

आणि हे सर्व आपल्या मातीत नवे आहे असेही नाही. ‘संगीत शाकुंतल’ 1880 मध्ये रंगभूमीवर आणणारे अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्याच जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे. कुंदगोळचे रामभाऊ मराठी रंगभूमीवर गाजले आणि ‘सवाई गंधर्व’ झाले. त्यांचे गुरू अब्दुल करीम खाँ उत्तरेतील कैराना गावचे आणि मिरजेत स्थायिक झालेले. त्याच सवाई गंधर्वांकडे गंगूबाई हनगल आणि भीमसेन जोशी शिकले. धारवाडजवळच्या मन्सूर गावचे मल्लिकार्जुन मिरजेला नीलकंठबुवांकडे शिकले आणि पुढे मंजी खाँ व भूर्जी खाँ यांच्याकडे. 1924 मध्ये सुळेभावीत, म्हणजे बेळगावपासून हाकेच्या अंतरावर जन्मलेले शिवपुत्र कोमकळीमठ मुंबईत देवधर मास्तरांकडे शिकून कुमार गंधर्व म्हणून गाजले. कन्नड घरातील मुले मराठी गावांत राहिली, मराठी गुरूंच्या आणि खाँसाहेबांच्या पायांशी बसली, आणि कोणाची अदब खरी हा वाद त्यांना करावा लागला नाही. वारकऱ्यांमध्ये वय आणि जात न पाहता एकमेकांना ‘माउली’ म्हणून पायांना हात लावतात, शरणांमध्ये, म्हणजे बसवेश्वरांच्या अनुयायांमध्ये, एकमेकांना ‘शरणु शरणार्थि’ म्हणतात. ‘अय्या’ (अहो) म्हणण्यात स्वर्ग आणि ‘एलवो’ (अरे) म्हणण्यात नरक, असे बसवेश्वरांनी बाराव्या शतकात सांगून ठेवले आहे. 1956 च्या राज्यपुनर्रचनेनंतर आपल्या भागात जे झाले ते झाले, आणि त्याचा न्याय जेथे व्हायचा तेथे व्हावा अशीच माझीही इच्छा आहे. परंतु गल्लीतील शेजारी तोपर्यंत वाट पाहत थांबलेले नाहीत.

माझी मागणी मोठी नाही. अनेक मराठी व कन्नड शाळांत संगीताचा तास वेळापत्रकावर नावापुरता असतो आणि प्रत्यक्षात गणिताला किंवा सरावपरीक्षेला दिला जातो. काही शाळांच्या कपाटांत पेट्या भात्याला भोक पडून धूळ खात आहेत. माझ्या ओळखीच्या एका शाळेत तर तानपुऱ्याच्या भोपळ्याला चीर गेली म्हणून तो माळ्यावर टाकला आहे. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत असा भोपळा सांधून मिळतो. मुख्याध्यापकांनी आठवड्यातून एक तास, शनिवारी सकाळच्या शाळेत, निवृत्त संगीतशिक्षकांना द्यावा, आणि जेथे एकाच आवारात किंवा शेजारी-शेजारी मराठी व कन्नड शाळा भरतात तेथे तो तास एकत्र घ्यावा. सरगम आणि अलंकार दोन्ही माध्यमांत सारखेच असतात, पाठ्यपुस्तक बदलावे लागत नाही. येळ्ळूर, कडोली, उचगावसारख्या गावांतील भजनी मंडळांनाही माझी विनंती आहे की मुलांना फक्त टाळ देऊन मागे उभे करू नये. पखवाज आणि पेटी त्यांच्या हाती द्यावी, आणि शेजारची कन्नड मुले आली तर त्यांनाही पुढे बसवावे.

शहापूर, वडगाव किंवा अनगोळ भागातील दोन शाळांत मी स्वतः विनामूल्य येण्यास तयार आहे. तानपुरा माझा मी घेऊन येईन. ज्या मुख्याध्यापकांना हे सोयीचे वाटेल त्यांनी आपल्या कार्यालयाकडे तसे कळवावे आणि आपण ते माझ्यापर्यंत पोहोचवावे, एवढी कृपा व्हावी.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक निवृत्त संगीतशिक्षिका,
शहापूर, बेळगाव