कोन का बंद झाला हेही बघायला हवं

संपादक महोदय,

काचबिंदूबद्दल लिहिलं जातं ते बहुतेक डोळ्याचं प्रेशर आणि ड्रॉप्स एवढंच, पण कोन (डोळ्याच्या आतलं पाणी जिथून बाहेर जातं ती आयरिसच्या कडेची जागा) बंद होणाऱ्या काचबिंदूत तो कोन नेमका कशामुळे बंद झाला हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे आणि पेशंटला तो कोणी सांगतच नाही. बऱ्याचदा बाहुलीपाशी पाणी अडतं, मग आयरिस म्हणजे बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा पुढे फुगतो, तिथे लेझरने बारीक छिद्र पाडलं की काम होतं. पण कधी मोतीबिंदू होऊन लेन्स जाड झालेली असते, कधी आयरिसच्या मागचा सिलिअरी बॉडी हा भागच पुढे सरकलेला असतो, तेव्हा छिद्र पाडूनही कोन अरुंदच राहू शकतो. टोपिरामेट नावाची मायग्रेन आणि फिट्सवर देतात ती गोळी, तिच्यामुळेही काहींना हे होतं, आणि तिथे लेझरचा उपयोग नसतो, डॉक्टरांना विचारून गोळी थांबवावी लागते!

गोनिओस्कोपी, म्हणजे डोळ्यावर खास भिंग ठेवून कोन बघायची तपासणी, आधी हवीच, तिला पर्याय नाही. पण आयरिसच्या मागे काय चाललंय ते तिच्यात थेट दिसत नाही. डोळ्याच्या पुढच्या भागाचा ओसीटी, म्हणजे प्रकाशाने केलेला स्कॅन, डोळ्याला हात न लावता होतो, कोन आणि लेन्स छान दिसते, फक्त आयरिसच्या पलीकडे त्याचा प्रकाश नीट पोचत नाही. तिथे यूबीएम म्हणजे डोळ्याची बारीक सोनोग्राफी लागते. सगळ्यांना सरसकट करा असं म्हणणं नाही, पण लेझरनंतरही कोन उघडला नसेल तर पेशंटने डॉक्टरांना हे जरूर विचारावं.

- एक वाचक