सूचना : आकाशकंदिलात आणि बंद घुमटाच्या दिव्यांत किती वॅटचा बल्ब लावावा

सर्व सभासदांसाठी,

कंदील बाहेर काढण्याआधी होल्डरजवळची पट्टी वाचा. तिथे ‘कमाल ४० वॅट’ लिहिले असेल, तर ६० किंवा १०० वॅटचा पिवळा बल्ब लावू नका. असा बल्ब ९० टक्क्यांहून जास्त वीज उष्णतेत घालवतो. बंद घुमटात ती उष्णता वर साचते आणि आधी होल्डर भाजतो. साध्या वायरचे पीव्हीसी आवरण साधारण ७० अंशांपर्यंतच टिकते. पुढे ते कडक होऊन तडकते, तारा उघड्या पडतात आणि शॉर्ट होतो. कागदी कंदिलाला तर बल्ब टेकला तरी पुरे, कागद आधी तपकिरी पडतो. ‘झिरो’चा जुना बल्बही शून्य वॅटचा नसतो, १२-१५ वॅट घेतो.

मेन स्विच बंद करून, बल्ब गार झाल्यावर होल्डर तपासा. तो काळवंडला असेल, पिना सैल असतील किंवा वायर वाकवताच आवरण तडकत असेल, तर दोन्ही बदला. नुसता बल्ब बदलून भागत नाही.

प्रकाश जास्त हवा असेल तर ९ वॅटचा एलईडी लावा, उजेड जवळपास ६० वॅटच्या बल्बइतका मिळतो. कागदापासून चार बोटे अंतर मात्र ठेवाच.