पेटी उघडून बघा: प्राणिपालक सभासदांसाठी सूचना

सर्व सभासदांना,

पावसाळा तोंडावर आला आहे. तळजाई, वेताळ टेकडीवरून परतणाऱ्या कुत्र्यांच्या अंगावर आता गोचिडी सापडणारच. येत्या रविवारपर्यंत प्रत्येकाने आपल्या प्राण्याची प्रथमोपचार पेटी तपासून घ्यावी. निर्जंतुक गॉज, रोलर बँडेज, चिकटपट्टी, जखम धुवायला सलाईन, बीटाडीन, डिजिटल थर्मामीटर, बारीक चिमटा, बोथट कात्री आणि मुसके एवढे हवेच. लसीकरण कार्डाची झेरॉक्सही त्यातच ठेवा. मुदत संपलेली मलमे टाकून द्या. ‘अजून चालेल’ हे धोरण इथे नको.

मुसक्याला नाक मुरडू नये. वेदनेत गरीब कुत्राही मालकाला चावतो. मात्र उलट्या होत असतील किंवा धाप लागली असेल तर ते बांधू नका. मांजरासाठी जाड टॉवेल पुरतो.

माणसांच्या गोळ्या स्वतःच्या मनाने अजिबात देऊ नका. पॅरासिटामॉल मांजराच्या जिवावर बेतू शकते, आयबुप्रोफेन कुत्र्याच्याही. कुत्र्याचे तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असणे नेहमीचेच, त्यामुळे नाक गरम लागले म्हणून ताप ठरवू नका.

टेकडीवर साप चावल्याची शंका आली तर आवळपट्टी नको, जखम कापणेही नको. कुत्र्याला चालवू नका, उचलून थेट डॉक्टरांकडे न्या. रात्री कोणता दवाखाना उघडा असतो हे आजच फोन करून विचारा आणि नंबर पेटीच्या झाकणावर चिकटवा.

सामान एकत्र मागवायचे असल्यास शुक्रवारपर्यंत ग्रुपवर नाव कळवावे.